उताराचा सौदा

भिवंडीत पहिला भाव कोणी खरा मानत नाही. समोरच्याने सांगितलेला आकडा म्हणजे नुसता सलाम असतो, बोलणं त्याच्यानंतर सुरू होतं. सूत घ्यायचं असो, टेम्पो ठरवायचा असो, नाहीतर व्याह्यांशी निकाहची तारीख पक्की करायची असो, आम्ही आधी मान हलवतो, उठायला लागतो, चपला पायात घालतो आणि मग परत बसतो. मी या कामात चांगला आहे. लोक म्हणतात माझं डोकं लवकर तापतं. तापतं. पण तापलेल्या डोक्यानेही मी आजवर तोट्याचा सौदा केलेला नाही, एक सोडून. तो मी काश्मीरमध्ये बर्फावर केला. त्याबद्दल लिहायला बसलो आहे, कारण गेल्या हिवाळ्यापासून आमच्या गल्लीत माझ्याबद्दल जे बोललं जातं ते खरं नाही, आणि जे खरं आहे ते मला तोंडाने कोणाला सांगता येत नाही.

माझ्या मोठ्या भावाला मी भाई म्हणतो. हल्ली पुन्हा म्हणायला लागलो आहे. मधली बरीच वर्षं काहीच म्हणत नव्हतो. तो उर्दू शाळेत शिकला, मी मराठी. तो मराठी माझ्यासारखीच बोलतो, पण वाचत नाही. त्याच्या मुलांना वाचता येतं, पण ती वाचत नाहीत. म्हणून हे इथे लिहिण्यात धोका कमी आहे.

अब्बांच्या पॉवरलूमच्या दोन शेड होत्या. एक रस्त्याला लागून. दुसरी मागे, नाल्याच्या कडेला, जिथे पावसाळ्यात लूमच्या पायांपर्यंत पाणी चढायचं. अब्बा गेले. चाळिसाव्या दिवशी जेवणं उरकल्यावर, सगळे नातेवाईक बसलेले असताना, भाईने वाटणी सांगून टाकली.

"पुढची शेड मी बघतो. पार्टीशी बोलायचं, सेठ लोकांना सांभाळायचं, ते ह्याला न्हाय झेपणार. हा मागची घेईल."

माझ्याशी बोलला नाही. माझ्याबद्दल बोलला, जसा मी तिथे नव्हतोच. मी उठलो, हातातला पाण्याचा ग्लास भिंतीवर मारला आणि बाहेर पडलो. ग्लास स्टीलचा होता. फुटला नाही, नुसता वाजला. त्यावरही मागे कोणीतरी हसलं.

मागच्या शेडमध्ये मी नाल्याच्या पाण्यात उभं राहून लूम चालवल्या. उधारीवर सूत घेतलं, शिव्या दिल्या, शिव्या खाल्ल्या, आणि आज वडप्याला हायवेपासून आत माझं स्वतःचं गोदाम आहे. शटरवर नाव रंगवताना पेंटरला सांगितलं, मोठं लिही. त्याने लिहिलं. म्हटलं, अजून मोठं. भाई पडघ्याला जातो तो याच रस्त्याने जातो. पण नाव कितीही मोठं केलं तरी ‘ह्याला न्हाय झेपणार’ हे तीन शब्द माझ्या कानातून निघाले नाहीत. मला भाईकडून दुसरं काही नको होतं. त्याने ते शब्द परत घ्यावेत, एवढंच हवं होतं.

ज्यांनी चालू शेड पाहिलेली नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आत बोलता येत नाही. शेजारचा ओरडला तरी त्याचं तोंड हललेलं दिसतं, ऐकू काही येत नाही. म्हणून आम्ही हातांनी बोलतो. उघडा पंजा खाली दाबला की बंद कर. मूठ आवळून छातीकडे ओढली, लूमची दांडी ओढावी तशी, की चालू कर. सगळे हे उजव्या हाताने करतात. अब्बा डाव्या हाताने करायचे, कारण त्यांच्या उजव्या हाताची बोटं तरुणपणी मशीनच्या पट्ट्यात गेली होती. तो हात ते नेहमी पाठीमागे ठेवायचे. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे भाऊ शेडमध्ये असायचो. हवेत कापसाची रुई उडत असायची आणि तिच्या पलीकडे, दारात, अब्बा उभे दिसायचे. एक खांदा खाली गेलेला, चेहरा स्पष्ट नाही, फक्त डावा हात वर. मी घाई करायचो, धागे तोडायचो, म्हणून मला पंजा दिसायचा. भाई रेंगाळायचा, म्हणून त्याला मूठ. आमचं लहानपण या दोन खुणांमध्ये गेलं.

आमचा सुताचा व्यापारी दर हिवाळ्यात आपल्या गिऱ्हाइकांना फिरायला नेतो. नेतो म्हणजे वर्षभर भावातून काढून घेतो आणि मग नेतो, पण ते असू दे. गेल्या हिवाळ्यात काश्मीर निघालं. विमानतळावर पोचलो तर रांगेत पुढे भाई उभा. व्यापाऱ्याला आमचं सगळं माहीत होतं. एका गल्लीतले दोन भाऊ बर्फात तरी बोलतील असं त्याच्या मनात असावं. आम्ही बोललो नाही. बसमध्ये मी पुढे, तो मागे. जेवताना त्याला मीठ लागलं की तो शेजारच्याला सांगायचा, "त्याच्याकडून घे." मी देऊन टाकायचो. शेजारच्याला.

तिथे पायांना लांब पट्ट्या बांधून, दोन्ही हातांत काठ्या धरून बर्फावरून घसरत उतरतात. ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे उतार वाटलेले असतात. तळाशी एक मोठी पाटी होती. तिच्यावर डोंगराचं चित्र आणि चित्रावर रंगीत रेघा. हिरवी नवख्यांची, निळी थोडंफार येणाऱ्यांची, लाल चांगलं येणाऱ्यांची, आणि काळी, ज्यांना घरी कोणी वाट बघणारं नसावं अशांची. ती पाटी पाहिली आणि मला आमची कापड तपासायची खोली आठवली. तागा उजेडासमोर धरतात. डाग दिसला, धागा सुटलेला दिसला की बाजूला टाकतात. हे फ्रेश, हे सेकंड, ही चिंधी. कापडाला कोणी विचारत नाही.

आमचा गाईड पन्नाशीचा होता, उन्हाने आणि बर्फाने चेहरा करपलेला. त्याने आम्हाला एका छोट्या चढावर नेलं आणि एकेकाला खाली सोडायला लागला.

"उतरना सबको आता है, साहब," तो म्हणाला. "गिरना भी उतरना ही है. मुझे रुक के दिखाइए."

थांबण्याची रीत अशी की दोन्ही पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची आणि मागून पाय फाकवायचे. भाई हळूच घसरत आला आणि लूम बंद पडते तसा एक आचका देऊन गाईडच्या समोर थांबला. मी वेगाने आलो. गाईड बाजूला झाला म्हणून वाचला. मी मागच्या बर्फाच्या ढिगात शिरलो ते कंबरेपर्यंत.

"आप दोनों हरा," गाईड म्हणाला. "तीन दिन. फिर देखेंगे."

भाईने पाटीकडे पाहिलं, गुडघा चोळला आणि म्हणाला, "ठीक है. मेरे को हरा दे दो."

पहिल्या भावाला हो. मला त्याची लाज वाटली. मी काही बोललो नसतो, खरंच. पण मी बर्फातून बाहेर येत होतो, कॉलरमध्ये बर्फ गेलेलं होतं, आणि भाई बाजूच्या माणसाला म्हणाला, "त्याला सांग कोणी, खालीच राहा म्हणावं. वरचं न्हाय झेपायचं."

तीच माणसं नव्हती, तो दिवाणखाना नव्हता, पण शब्द तेच होते.

मी सरळ गाईडकडे गेलो. "मुझे काला चाहिए."

तो हसला. "काला मेरे बेटे को भी नहीं देता मैं."

मला काळी नकोच होती. पण काळी मागितल्याशिवाय निळी मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, पैसे काळ्याचे घे. तो म्हणाला, पैशाची गोष्ट नाही. मी म्हटलं, मग दुसरा गाईड बघतो, इथे कमी नाहीत. आणि पट्ट्या सोडायला वाकलो. चपला पायात घालण्यासारखंच ते. त्याने डोंगराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कल लाल?" मी म्हटलं.

"हरा."

"मैंने काले से लाल किया. तू भी कुछ कर."

"साहब, टाँग आपकी है," तो म्हणाला. "इसमें बीच का भाव नहीं होता."

"सबमें होता है."

शेवटी त्याने हात वर केले. आज दिवसभर खाली सराव, उद्या सकाळी निळी, आणि तो माझ्याबरोबर राहणार. आम्ही हात मिळवला. सौदा मधोमध जमला होता आणि मी खूश होतो. पाटीवरची रेघ म्हणजे मला येतं किती त्याचं माप आहे, आणि ते माप मी घासाघीस करून वाढवून घेतलं म्हणून पायांना जास्त येऊ लागणार नाही, हे मला सुचलंच नाही. आमच्याकडे कोणालाच सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. दोरीवरच्या पाळण्यातून वर जाताना मी फोटो काढायला डाव्या हाताचा मोजा काढला आणि तो खाली पडला. खाली पाईनची झाडं होती. पांढऱ्यावर एक काळा ठिपका होत होत तो दिसेनासा झाला. गाईड वैतागला. म्हणाला, हात जॅकेटच्या आत घाला आणि बाहेर काढू नका, बोटं जातात. मी डावा हात आतल्या खिशात घातला आणि त्या बाजूची काठी त्याच्याकडे दिली. एका काठीवर उतरायचं ठरलं. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

वर एक खांब होता. त्याच्यापासून दोन वाटा फुटत होत्या. हिरवी झाडांच्या बाजूने लांबचा वळसा घेऊन जायची, निळी सरळ खाली. भाई आणि त्याच्याबरोबरचे दोघे दुसऱ्या गाईडबरोबर आमच्या मागच्या पाळण्यातून येत होते. मी त्यांच्यासाठी थांबलो नाही. उलट, भाई खांबापाशी पोचेल तेव्हा त्याला मी निळीवर दिसायला हवा होतो.

पहिला टप्पा मी बरा उतरलो. मागून गाईडचा आवाज येत होता, "धीरे, धीरे." मग आवाज आला नाही. मी मान वळवली तर मागे गाईड नव्हता. डोंगरही नव्हता. धुकं आलं होतं. ते वरून उतरलं नाही की खालून चढलं नाही. क्षणापूर्वी समोर दरी दिसत होती आणि आता सगळीकडे एकच कोरं पांढरं कापड ताणलेलं होतं. वर कुठे, खाली कुठे, कळेना. मी उभा आहे की घसरतो आहे तेही कळेना. पट्ट्यांखालून आवाज येत होता तो बंद झाला होता.

मी जन्मापासून आवाजात राहिलो आहे. आमच्या घराच्या भिंतीपलीकडे शेड होती आणि लूम थांबल्या की आम्हाला जाग यायची. तिथे, त्या धुक्यात, मला पहिल्यांदा कळलं की काहीच ऐकू न येणं कसं असतं. मग मला लूम ऐकू यायला लागल्या. खटक, खटक, खटक. लांबून, बर्फाच्या आतून. बहुतेक माझ्याच कानातलं रक्त असणार. पण आवाज आमच्या मागच्या शेडचा होता. तिथल्या कोपऱ्यातल्या लूमला एक ठोका चुकायची सवय होती. ती ठोका चुकत होती.

समोर कोणीतरी उभं होतं.

फार लांब नाही. धुकं भुरभुरत होतं, रुई उडावी तसं, आणि त्याच्या पलीकडे तो उभा होता. एक खांदा खाली. चेहरा दिसत नव्हता. मला वाटलं, भाई. आमच्या घरातल्या सगळ्या पुरुषांचा बांधा एकच आहे. हिरवी वाट वळसा घेऊन इकडे येत असेल, आणि हा माझ्याआधी पोचला असेल. मला संताप आला, इथेही हाच पुढे. त्याने हात वर केला. डावा. पंजा उघडा. आणि खाली दाबला. बंद कर.

विचार करायला वेळ नव्हता. लहानपणी तो पंजा दिसला की माझा हात आपोआप दांडीवर जायचा. तसेच पाय फाकले. गाईडने दिवसभर शिकवलेलं मला त्या एका क्षणात आलं. मी थांबलो आणि मागे बसलो.

तो तिथेच उभा होता. पंजा अजून खाली दाबलेला. दुसरा हात दिसत नव्हता, पाठीमागे असावा. मी ओरडलो, "दिसलं मला! थांबलो ना!" धुकं दाट झालं, आणि जेव्हा पातळ झालं तेव्हा तो नव्हता.

गाईड शिट्टी वाजवत वाजवत माझ्यापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने माझी कॉलर धरली आणि मला मागे ओढलं, गोणी ओढतात तसं.

"किसने बोला रुकने को?"

"मेरा भाई. वो सामने था."

"कहाँ?"

मी बोट दाखवलं. त्याने काठी पुढे खुपसली. काठी अर्धी आत गेली आणि माझ्या पायांच्या पुढचं बर्फ, चांगलं अंगणाएवढं, आवाज न करता खाली गेलं. त्या जागी भोक पडलं आणि भोकातून धुकं वर येऊ लागलं.

"साहब," तो हळू आवाजात म्हणाला, "वहाँ ज़मीन नहीं है. हवा में बर्फ का छज्जा है. वहाँ कोई खड़ा नहीं हो सकता."

मी त्या बोलण्याचाही भाव पाडला. म्हटलं, धुक्यात अंतर कळत नाही, भाई दरीच्या पलीकडे असेल. गाईडने माझ्या पट्ट्या सोडवल्या, कमरेला दोरी बांधली आणि मला बसल्या बसल्या घसरत, टप्प्याटप्प्याने, खाली आणलं. निळी मी अशी उतरलो. खाली येईपर्यंत माझा राग गेला होता. मनात एकच होतं. त्याने मला वाचवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला, आणि ते हाताने का होईना, माझ्या जिवासाठी बोलला. मी त्याला भाई म्हणून हाक मारणार होतो. तोंडात शब्द तयार होता.

तळावर स्ट्रेचर होतं. त्याच्यावर भाई. हिरवी वाट सोडून तो झाडांमधून सरळ खाली गेला होता आणि एका घळीत पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. त्याचा गाईड सगळ्यांना सांगत होता, मी थांबा म्हटलं, हे थांबले नाहीत, म्हणाले भाऊ बोलावतोय.

मी म्हटलं, "मी? मी कधी बोलावलं?"

भाईचे डोळे मिटलेले होते. बाकीचे माझ्याकडे बघत होते.

भिवंडीत माझ्याआधी बातमी पोचली. भाऊबंदकीचा राग काढला, धुक्यात बोलावून दरीत घातलं. चहाच्या दुकानात मी शिरलो की बोलणं थांबायचं. वळ गावच्या एका कंत्राटदाराने तर तोंडावर म्हटलं, "शेठ, तुमच्याबरोबर फिरायला न्हाय यायचं आपण." मी त्याची कॉलर धरली, चार माणसं मध्ये पडली. माझी बायको म्हणाली, जाऊन एकदा सोक्षमोक्ष लाव. मलाही तेच हवं होतं. ज्याने मला थांबवलं, तोच आता खोटं बोलतोय, अशी माझी खात्री होती. ही वाटणीपेक्षा मोठी गद्दारी होती.

मी दुपारी गेलो. त्या घराचा उंबरा चाळिसाव्यानंतर पहिल्यांदा ओलांडला. भाभी दारातच होती.

"आलास? बघायला आलास, का आणि कुठं न्यायला आलास?"

"भाभी, मला त्याच्याशी बोलायचंय."

"बोल ना. हात नको करू म्हणजे झालं."

भाई पलंगावर होता, पाय उशांवर. हाडात सळई घातली होती. मला बघून तो हसला. मी त्यासाठी तयार नव्हतो.

"बस," तो म्हणाला. "चहा सांग गं ह्याला."

"चहा नको. खरं सांग. तू मला थांबवलंस का न्हाय?"

"मी कशाला थांबवू? मी तर तुझ्या मागं येत होतो. तूच बोलावलंस."

"मी न्हाय बोलावलं."

"अरे, मला राग न्हाय हाय. तुझ्या भाभीला हाय. तिला राग यायला काय लागतं." त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी हिरव्यावरून येत होतो, म्हाताऱ्यासारखा. धुकं आलं. गाईड बोलला, इथंच थांबा. आणि बघतो तर खाली तू. शेडमधी रुईत दिसतोस ना, तसा. हात केलास. चालू कर. आपल्या शेडमधलाच हात. दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार तिथं? मी म्हटलं, किती वर्षांनी ह्याने मला हात केला. आता न्हाय गेलो तर मेल्यावर जाणार का? आणि सोडलं अंग."

माझ्या तोंडात शिवी आली होती ती तिथेच राहिली.

"कसा हात केला?" मी विचारलं.

"असा." त्याने डावा हात वर उचलला, मूठ आवळली आणि छातीकडे ओढली.

"डावा?"

"डावा. उजवा तू मागं ठेवला होतास. म्हटलं काठ्या धरल्या असतील."

माझा डावा हात त्या वेळी जॅकेटच्या आत होता. खाली येईपर्यंत मी तो बाहेर काढला नव्हता. हे त्याला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. गाईडची साक्ष होती, पडलेला मोजा होता. गल्लीतल्या सगळ्या तोंडांना कुलूप लागलं असतं. मी तोंड उघडलं, आणि पुढचं वाक्य मला दिसलं. तो मी नव्हतो, तर कोण होता? ज्याने मला पंजा दाखवला त्यानेच तुला मूठ दाखवली. मला कडेवर थांबवलं आणि तुला घळीकडे बोलावलं.

भाई दर शुक्रवारी अब्बांच्या कबरीवर जातो. बरा झाला की पुन्हा जाणार. तिथे उभा राहून, हात उचलून, त्याने काय विचार करायचा?

भाभी चहा घेऊन दारात उभी होती. भाई माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. मी नाही म्हणेन याची. पाय मोडल्याची नव्हती.

"हो," मी म्हटलं. "मीच बोलावलं, भाई."

पहिल्या भावाला हो. आयुष्यात एकदाच.

"बघा," भाभी म्हणाली. "आता कबूल झाला." आणि चहा माझ्यासमोर इतक्या जोरात ठेवला की बशीत सांडला.

भाईने डोळे पुसले. मग म्हणाला, "आणि तू उतरलास. निळ्यावरून, एकटा. मी सगळ्यांना सांगतो. मी बोललो होतो न्हाय झेपणार. झेपलं रे तुला."

दोरीला बांधून, बुडावर घसरत उतरलो होतो. मी बशीतला चहा प्यायलो. तो गोड होता की नव्हता, आठवत नाही.

तेव्हापासून लग्नाकार्यात मी भावाचा पाय मोडणारा भाऊ आहे. बिर्याणी वाढताना बायका माझ्याकडे बघून कुजबुजतात. मी खाली मान घालून जेवतो. डोकं तापतं, पण कोणावर काढू? ज्याच्यावर काढायचं तो कबरस्तानात आहे. मी तिथे जात नाही. भाई विचारतो तेव्हा काम आहे म्हणतो.

भाईचं हाड जुळलं, पण तो पाय आखूड पडला. उजव्या हातात काठी असते, चालताना एक खांदा खाली जातो. हल्ली तो रोज माझ्या मागच्या शेडला येतो. इतकी वर्षं आला नव्हता, ते भरून काढतोय असं म्हणतो. आत येत नाही, जमीन तेलकट असते म्हणून दारातच उभा राहतो. आणि त्याला एकच ध्यास लागला आहे. येत्या हिवाळ्यात पुन्हा तिथे जायचं.

"तू बोलावलंस, मी निघालो, आणि मधेच पडलो," तो म्हणतो. "या खेपेला पुरता उतरतो. तू फक्त पुढं हो."

मी हजार कारणं सांगितली. पाय, वय, डॉक्टर, भाभी. तो ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. घासाघीस त्याला कधी येत नव्हती. आता येते.

काल मी कोपऱ्यातल्या लूमपाशी होतो. सगळ्या लूम चालू होत्या, रुई उडत होती. मान वर केली तर दारात तो उभा होता. मागून ऊन होतं, चेहरा दिसत नव्हता. एक खांदा खाली. काठीचा हात अंगाआड गेलेला. त्याने डावा हात वर केला, मूठ आवळली आणि छातीकडे ओढली.

मी पंजा उघडला आणि खाली दाबला.

त्याने मान हलवली. आणि पुन्हा मूठ छातीकडे ओढली.